हाइव्ह: राणीची कोंडी आणि सोंगट्यांची मोकळीक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरात बुद्धिबळ खेळणारी अकरा वर्षांची मुलगी आहे, तिच्या मामानं हाइव्हचा संच आणून दिलाय, आणि महिनाभर रोज रात्री जेवणानंतर तुमचे दोन डाव होतात. पण प्रत्येक डाव एकाच वळणानं जातो. दोघंही मुंगळे बाहेर काढता, ते धावत जाऊन समोरच्या राणीला चिकटतात आणि ज्याला सहा बाजू आधी भरता आल्या तो जिंकतो. यात डोकं कुठं लागतं, आमचं काही चुकतंय का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय आजींनाही खेळायचंय, पण त्यांना मोतीबिंदूमुळे संध्याकाळी निळा-हिरवा सारखाच दिसतो. तेव्हा तिघांना बसता येईल असा षटकोनी तुकड्यांचा दुसरा कोणता खेळ आहे, हेही.

चुकतंय, आणि माझ्या अंदाजानं दोन ठिकाणी. एक चूक नियमातली आहे. मी शिकवायला घेतलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात ती सापडली आहे. दुसरी विचारातली. ती बुद्धिबळातून येते, म्हणून तुमच्या मुलीच्या हातात ती जास्त मुरलेली असणार.

मी हा खेळ चौदा वर्षं खेळते आहे आणि त्यातली नऊ वर्षं आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी मुलांना शिकवते आहे. तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी आधी चार ओळी. हाइव्ह म्हणजे मधमाश्यांचं पोळं. जॉन यियानी यांचा हा खेळ २००१ मध्ये बाजारात आला. याला पट नाही. टेबलावर मांडलेल्या षटकोनी सोंगट्या हाच पट, आणि तो दर खेळीला आकार बदलतो. प्रत्येकाकडे ११ सोंगट्या: एक राणी माशी, दोन कोळी, दोन भुंगेरे, तीन नाकतोडे, तीन मुंगळे. आपल्या पाळीला एकतर हातातली नवी सोंगटी मांडायची किंवा मांडलेली एक हलवायची. नवी सोंगटी फक्त आपल्याच रंगाला टेकवता येते, समोरच्याच्या रंगाला नाही (पहिली जोडी सोडून). राणी चौथ्या पाळीपर्यंत मांडायलाच हवी, आणि ती मांडल्याशिवाय आपलं काहीही हलत नाही. राणी एक घर चालते, कोळी मोजून तीन, मुंगळा पोळ्याच्या कडेनं हवा तितका. नाकतोडा सरळ रेषेत सोंगट्यांवरून उडी मारून पहिल्या रिकाम्या जागी पडतो. भुंगेरा एकच घर चालतो, पण दुसऱ्याच्या डोक्यावर चढू शकतो. समोरच्या राणीच्या सहाही बाजू भरल्या की डाव जिंकला, मग त्या सोंगट्या कुणाच्याही असोत.

आता नियमातली चूक. नऊ नाणी घ्या, सगळी एकाच आकाराची. मधे एक ठेवा, ती राणी. तिच्याभोवती बरोबर सहा नाणी चपखल बसतात. त्यातलं एक काढा. त्या रिकाम्या जागेत बाहेरून एक नाणं सरकवून बघा, बाकीची न हलवता. ते सहज आत जातं. ते पुन्हा बाहेर काढा आणि आता त्या जागेच्या तोंडाशी, डावीकडे एक आणि उजवीकडे एक असं नाणं ठेवा, कडेच्या नाण्यांना टेकवून. आता तेच नाणं पुन्हा आत ढकला. जात नाही. दोन नाण्यांमधली फट नाण्याच्या रुंदीच्या पाऊण भागाहूनही थोडी कमी राहते. हाइव्हमध्येही नेमकं हेच आहे. सोंगटी उचलून ठेवायची नसते, ती सरकली पाहिजे. जिथं सरकून जाता येत नाही तिथं मुंगळा, कोळी आणि राणी यांना प्रवेश नाही. दोन बाजूंना दोन सोंगट्याच लागतात असंही नाही. बरोबर तोंडासमोर, राणीच्या रेषेत एकच सोंगटी उभी असली तरी दोन्हीकडची वाट बंद होते. हेही नाण्यांनी करून बघा, मुलीला हातानं कळेल.

तुमच्या वर्णनात मुंगळे नेहमी सहावं घर भरून जिंकतात. म्हणून मला वाटतं, तुम्ही मुंगळा उचलून त्या भोकात ठेवताय. खऱ्या नियमानं खेळलात की निम्म्या वेळा ते शेवटचं घर मुंगळ्याला बंद असेल. तिथं उडी मारणारा नाकतोडा लागतो किंवा वरून उतरणारा भुंगेरा लागतो. एवढ्या एका दुरुस्तीनं तुमचा खेळ बदलेल, कारण मग तीन नाकतोड्यांतला एक तरी शेवटासाठी राखून ठेवावा लागतो, आणि समोरच्यालाही तेच कळलेलं असतं.

याच्या जोडीला दुसरा नियमही तपासा. पोळं एकसंध राहिलं पाहिजे, आणि ते खेळी संपल्यावरच नाही, सोंगटी हवेत असतानाही. 'उचलली तेव्हा दोन तुकडे झाले, पण ठेवल्यावर परत जोडलं गेलं' हे चालत नाही. मुलं इथं फार वाद घालतात. मी त्यांना सांगते, सोंगटी उचला, हात मागे घ्या, आणि टेबलाकडे बघा. दोन बेटं दिसली तर ती सोंगटी जखडलेली आहे.

आणि या जखडण्यातच सगळा खेळ आहे.

बुद्धिबळात राजाला किल्लेकोट करून प्याद्यांच्या मागे बसवलं की आपण निर्धास्त होतो. तुमची मुलगी हाइव्हमध्येही हेच करत असेल: राणीभोवती आपल्याच दोन-तीन सोंगट्या, संरक्षण म्हणून. पण इथं राणीला टेकलेली आपली प्रत्येक सोंगटी म्हणजे समोरच्याची एक वाचलेली खेळी. तीन आपल्याच असल्या तर त्याला तीनच आणायच्या आहेत. शिवाय चारी बाजूंनी वेढलेली राणी पळूही शकत नाही. मीसुद्धा पहिली दोन वर्षं याच सवयीनं हरत होते. एकदा हरलेला डाव न मोडता तसाच टेबलावर ठेवून मी मोजलं, तर माझ्या राणीला कोंडणाऱ्या सहांपैकी चार सोंगट्या माझ्या स्वतःच्या होत्या. त्या दिवसापासून राणीजवळ सोंगटी मांडताना माझा हात थांबतो.

दुसरा फरक याहून मोठा आहे. बुद्धिबळात मोहरे मारले जातात, म्हणून कुणाकडे किती उरलंय हे बघून कोण वरचढ ते कळतं. हाइव्हमध्ये काहीच मरत नाही. शेवटी टेबलावर दोघांच्याही सगळ्या सोंगट्या असू शकतात. मग कोण पुढे आहे हे कशावरून ओळखायचं? मोकळ्या सोंगट्यांवरून. जी उचलली तर पोळं तुटत नाही, जिच्यावर भुंगेरा बसलेला नाही आणि जिला सरकायला किंवा उडायला वाट आहे, ती मोकळी. माझ्या पाच मोकळ्या आणि तुमची एक, तर तुमच्या बाजूनं माझ्या राणीची चार घरं भरलेली असली तरी मी निवांत असते. तुम्ही ज्या शर्यतीबद्दल लिहिलंय, कोण आधी सहा भरतो, तिथं दोघंही फक्त राणीकडे बघताय. नजर समोरच्याच्या मुंगळ्यांवर ठेवा. त्यांना हलूच दिलं नाही तर शर्यत सुरूच होत नाही.

जखडायचं कसं, हे मी एका साध्या मांडणीवरून शिकवते. समजा समोरच्यानं आपला मुंगळा पोळ्याच्या टोकाला मांडलाय. त्याच्या सहा बाजूंपैकी एकच बाजू पोळ्याला लागलेली आहे, बाकी पाच मोकळ्या. पुढच्या पाळीला तो सुटणार. तुमच्याकडे एक मोकळा मुंगळा आहे. तो फिरवत आणून त्याच्या मुंगळ्याला मागून चिकटवा. आता त्याचा मुंगळा उचलला तर तुमचा मुंगळा पोळ्यापासून तुटतो, म्हणजे त्याला हलता येत नाही. तुमचा मात्र टोकाला आहे, तो केव्हाही निघू शकतो. एका सोंगटीनं एक सोंगटी बांधली आणि आपली मोकळीच राहिली. हाइव्हमध्ये याच्याइतका स्वस्त सौदा दुसरा नाही.

पण त्या पाच जागांतली कोणती निवडायची? इथं नव्या खेळाडूंचा घोळ होतो. त्या मुंगळ्याची जी बाजू पोळ्याला लागली आहे, तिच्या लगतच्या दोन जागांत तुमचा मुंगळा ठेवलात तर तो मुंगळ्याबरोबर मागच्या सोंगटीलाही टेकतो. तिघांचा त्रिकोण झाला. मग समोरचा आपला मुंगळा खुशाल उचलून नेतो, कारण तुमचा मुंगळा मागच्या सोंगटीला धरून राहतो आणि पोळं तुटत नाही. बाकीच्या तीन जागा कामाच्या, जिथून फक्त त्या एकाच सोंगटीला टेकता येतं. मुलांना मी 'एकालाच शिव, दोघांना नको' असं म्हणायला लावते. हे वाक्य तोंडात बसलं की त्यांचा खेळ आठवडाभरात पुढे सरकतो.

आणि उलट बाजूही ध्यानात ठेवा. पोळं लांब रांगेसारखं वाढलं की फक्त दोन टोकं मोकळी असतात, मधलं सगळं जखडलेलं. पण तीच रांग वळून कुठं मिळाली आणि कडं तयार झालं, की कड्यातली प्रत्येक सोंगटी सुटते, कारण एक काढली तरी बाकीच्या दुसऱ्या बाजूनं जोडलेल्या राहतात. तुमच्या सोंगट्या अडकल्या असतील तर कडं पूर्ण करायची खेळी शोधा. त्याच्या अडकल्या असतील तर कडं जुळू देऊ नका. बरेच डाव या एका खेळीवर फिरतात, आणि ती खेळी राणीपासून खूप लांब, पोळ्याच्या दुसऱ्याच टोकाला असते, म्हणून दिसत नाही.

मागच्या पावसाळ्यातला एक डाव सांगते. आमच्याकडची सातवीतली एक मुलगी आणि कॉलेजात जाणारा एक मुलगा. मुलीच्या राणीच्या पाच बाजू भरल्या होत्या, त्यातल्या दोन तिच्याच. सहाव्या घराच्या तोंडाशी एका बाजूला तिचा कोळी होता आणि दुसऱ्या बाजूला मुलाचा स्वतःचाच मुंगळा. वाट बंद. त्याचा दुसरा मुंगळा बाहेरून फिरत होता, पण आत जाईना. भुंगेरे दोन्ही दूर. हातात दोन नाकतोडे. त्याला फक्त राणीच्या बरोबर पलीकडे एक नाकतोडा मांडायचा होता, आणि त्याच्या पुढच्या पाळीला मधली सोंगटी आणि राणी ओलांडून उडी मारली की डाव संपला असता. त्यानं नाकतोडा मांडला. बघणारी सगळी पोरं 'गेली' म्हणाली. मुलीनं आपला मुंगळा उचलला, पोळ्याला अर्धा फेरा घातला आणि त्या नाकतोड्याला मागून, फक्त त्यालाच टेकेल असा लावला. नाकतोडा जागच्या जागी बांधला गेला.

त्यानं दुसरा नाकतोडा काढला, पण त्या रेषेतली जागा आता भरलेली होती. दुसऱ्या रेषेतून यायचं तर आणखी एक सोंगटी लागत होती. ती तो आणेपर्यंत मुलीचा भुंगेरा त्याच्या राणीच्या डोक्यावर जाऊन बसला. पुढचं लवकर उरकलं. तिला पुढे विचारलं तर म्हणाली, "त्याच्याकडे हलणारं फक्त एवढंच होतं ना, मग तेच धरलं." तिला मी हे शब्द शिकवले नव्हते.

भुंगेरा राणीवर बसल्यानं नेमकं काय होतं ते सांगायला हवं, कारण पुष्कळ जण तो फक्त राणीला अडवायला वापरतात. तो फायदा आहेच: खालची राणी हलत नाही. पण मोठा फायदा मांडणीचा आहे. भुंगेरा वर असेपर्यंत ते घर तुमच्या रंगाचं धरलं जातं. म्हणजे एरवी समोरच्या राणीशेजारी नवी सोंगटी थेट मांडता येत नाही, ती आधी दुसरीकडे मांडून मग चालवत न्यावी लागते; आता ती हातातून सरळ राणीच्या शेजारी मांडता येते, फक्त त्या घराला त्याची दुसरी सोंगटी टेकलेली नको. प्रत्येक घरामागे तुमची एक पाळी वाचते. शेवटी भुंगेरा बाजूला उतरतो आणि बरेचदा तोच सहावा असतो. म्हणून समोरच्याचा भुंगेरा तुमच्या राणीकडे एकेक घर सरकायला लागला की तो पोचायच्या आत राणी हलवा किंवा त्याची वाट लांबवा. तो सावकाश येतो, पण एकदा वर चढला की त्याला खाली ओढता येत नाही, त्याच्या डोक्यावर चढून त्याला अडवायला तुमचा भुंगेराच लागतो.

सुरुवातीबद्दल फार बोलणार नाही. पहिली सोंगटी कोळी किंवा नाकतोडा ठेवा. ती बहुधा डावभर गाडलेलीच राहते, तेव्हा मुंगळा तिथं वाया घालवू नका. दुसऱ्या किंवा तिसऱ्या पाळीला राणी. चौथ्यापर्यंत ताटकळत ठेवलीत तर तोवर तुमचं काहीच हलत नाही आणि समोरचा दोन पाळ्या पुढे जातो. स्पर्धांमध्ये पहिल्याच पाळीला राणी मांडायला बंदी असते, घरीही तोच नियम ठेवा. त्यानंतर मुंगळे, पण तिन्ही एकदम नकोत. एक हातात ठेवा. हातातला मुंगळा कुणी जखडू शकत नाही.

मुलगी आणि तुमच्यातलं अंतर वाढलं, कुठल्याही बाजूनं, तर मुद्दाम हरू नका. मुलांना ते लगेच कळतं आणि लागतं. वरचढ असेल त्यानं एक मुंगळा डब्यात ठेवून खेळावं. तरी पारडं जड राहिलं तर दोन. याच खेळासाठी डास आणि लेडीबग अशा जादा सोंगट्याही मिळतात. डास ज्याला टेकलेला असतो त्याच्यासारखा चालतो, लेडीबग दोन घरं पोळ्याच्या पाठीवरून चालून तिसऱ्याला खाली उतरते, त्यामुळे ती बंद तोंडातही शिरते. त्या फक्त नवशिक्याला द्या. आणि दहा डाव असे खेळा की प्रत्येक पाळीआधी दोघांनीही मोठ्यानं आकडा सांगायचा: माझ्या मोकळ्या इतक्या, तुझ्या इतक्या. वेळ लागेल. पण दोघांचीही नजर राणीवरून निघून पोळ्यावर जाईल.

मामाचा संच हरवू नये म्हणून शाळेत न्यायला दुसरा हवा असेल तर तो घरी होतो. हार्डवेअरच्या दुकानात एम-२० चे २२ नट मागा. ते मुळात षटकोनीच असतात, समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर ३० मिलिमीटर, म्हणजे हातात धरायला चांगलं आणि भुंगेरा वर ठेवायला पुरेसं जाड. ११ ना काळा ऑइल पेंट, ११ ना पांढरा. वाळले की वर गोल स्टिकर लावून किडे काढायचे. आमच्या हॉलमधले चार संच असेच आहेत. दप्तरात मात्र वजन लागतं, एक संच किलोभराच्या वर जातो.

आता आजींसाठी. हाइव्ह दोघांचाच. तिघांना टॅन्ट्रिक्स घ्या. न्यूझीलंडच्या माइक मॅकमॅनवे यांचा हा खेळ १९८८ पासूनचा. यात ५६ षटकोनी तुकडे असतात, प्रत्येकावर तीन रंगांच्या तीन रेघा, आणि प्रत्येक रेघ दोन बाजूंना जोडते. एकूण रंग चार: लाल, पिवळा, निळा, हिरवा. तुकडा ठेवताना शेजाऱ्यांशी सगळे रंग जुळले पाहिजेत. प्रत्येकानं एक रंग घ्यायचा, हातात सहा तुकडे, आणि शेवटी आपल्या रंगाची सर्वांत लांब रेघ मोजायची: दोन्ही टोकं सुटी असलेल्या रेघेला तुकड्यामागे एक गुण, तीच रेघ फिरून मिळाली आणि कडं झालं तर तुकड्यामागे दोन. याची खरी गंमत सक्तीच्या जागांत आहे. तीन बाजूंनी वेढलेलं रिकामं घर तयार झालं आणि बसणारा तुकडा तुमच्याकडे असला, तर तो ठेवावाच लागतो, तुमच्या रंगाचं नुकसान होत असलं तरी. म्हणजे इथंही समोरच्याची मोकळीक काढून घेणं आलंच, फक्त ती जखडून नाही तर भाग पाडून. आणि एका घराकडे तीन बाजूंनी एकच रंग येऊ द्यायचा नसतो, निदान पिशवीतले तुकडे संपेपर्यंत. कारण कुठल्याही तुकड्यावर एक रंग दोनच बाजूंना येतो, ते घर कधीच भरणार नाही.

तुमची मुलगी एकटी असताना यातलीच कोडी सोडवू शकते. पाठीवर १, २ आणि ३ हे आकडे असलेल्या तुकड्यांचं कडं करायचं, मग चौथा मिळवून चारांचं, असं दहापर्यंत. शेवटच्या तुकड्याच्या पाठीवर आकडा ज्या रंगात असेल त्या रंगाचं कडं. मुलं तुकडे फिरवत बसतात, आणि सातच्या पुढे वैतागतात. त्यांना मी एक हिशेब देते. रेघ तुकड्यावर तीनच प्रकारे जाते: लगतच्या बाजूला जाणारा कोपरा, एक बाजू सोडून जाणारं वळण, आणि समोर जाणारी सरळ. कोपरा रेघेला १२० अंशांत फिरवतो, वळण ६० अंशांत, सरळ शून्य. कडं पूर्ण व्हायला ३६० अंश लागतात. म्हणून तीन तुकड्यांचं कडं तीन कोपऱ्यांचंच होतं. चारांचं दोन कोपरे आणि दोन वळणं. पाचांचं तेच, मधे एक सरळ घालून. सहापासून पर्याय वाढतात: सहा वळणं, किंवा तीन कोपरे आणि तीन सरळ, किंवा दोन-दोन-दोन. मोठ्या कड्यात रेघ मधेच उलटीही वळते, ती वजा धरायची. तुकडे पसरून आधी त्या रंगाचे कोपरे, वळणं, सरळ किती ते मोजलं, की कड्याचा आकार निम्मा समजतो आणि मग फक्त बाकीचे रंग जुळवायचे राहतात.

हेक्सबद्दल थोडंच. तो तुकड्यांचा नाही, षटकोनी घरांच्या कागदाचा खेळ आहे: अकरा बाय अकरा घरं, एकानं डावी-उजवी बाजू जोडायची, दुसऱ्यानं वरची-खालची. डेन्मार्कच्या पिएट हाइन यांनी तो १९४२ मध्ये काढला, आणि पुढे गणितज्ञ जॉन नॅश यांनाही तो प्रिन्स्टनमध्ये स्वतंत्रपणे सुचला. यात बरोबरी होतच नाही. चौकोनांच्या पटावर एका बिंदूशी चार घरं भेटतात, त्यामुळे दोघांच्याही वाटा तिथं अडू शकतात. षटकोनांत तीनच भेटतात, म्हणून कुणाची तरी वाट निघतेच. पहिली खेळी करणाऱ्याचा फायदा फार असतो. तो घालवायला एकानं पहिली खेळी करायची आणि ती कोणी घ्यायची हे दुसऱ्यानं ठरवायचं, लाडवाचे दोन वाटे करणाऱ्यानं नंतर उचलायचा तसं. मुलीला वहीच्या पानावर शिकवा. दोन खुणांमध्ये दोन समाईक रिकामी घरं असली की ती जोडलेलीच समजायची, तो एक अडवेल तर आपण दुसरं भरायचं, एवढं कळलं की ती तुम्हाला हरवायला लागेल.

आता आजींच्या निळ्या-हिरव्याचं. तिघांच्या डावात त्यांना लाल किंवा पिवळा द्या, जुळणी बघायला नात आहेच. पण त्यांना एकटीनं कडी जुळवायची असतील तर त्यालाही वाट आहे. टॅन्ट्रिक्सच्या प्रत्येक तुकड्यावर चारांपैकी तीनच रंग असतात, म्हणजे एक रंग गळलेला असतो. तीन रंगांच्या तीन रेघा एका षटकोनावर १६ तऱ्हेनं मांडता येतात; त्यातल्या तिन्ही सरळ रेघा असलेल्या दोन तऱ्हा या खेळात घेतलेल्या नाहीत, म्हणून दर तिकडीचे १४ तुकडे, आणि चार तिकड्यांचे मिळून ५६. दुपारच्या उजेडात मुलीला चार ढीग लावायला सांगा, गळलेल्या रंगाप्रमाणे. निळा नसलेला ढीग आजींचा. त्यात लाल, पिवळा आणि हिरवा एवढेच रंग येतात, निळ्याशी गल्लत व्हायचा प्रश्नच नाही. प्रत्येक ढिगात चौदा भरले पाहिजेत. तेरा भरले तर एक सोफ्याखाली गेलाय, तो आधी शोधा.